‘नेट चालंना झालंय’: नव्या सपोर्ट इंजिनिअरसाठी बिघाडाचा माग काढण्याची रीत

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीत, राजारामपुरीतल्या एखाद्या सीएच्या कार्यालयात किंवा मार्केट यार्डातल्या अडत दुकानात संगणकांच्या देखभालीचे काम जो नव्याने हाती घेतो, त्याच्या कानावर पहिल्याच आठवड्यात एक वाक्य पडते: “साहेब, सकाळधरनं नेट चालंना झालंय बघा.” या एका वाक्याच्या पोटात दहा निरनिराळे बिघाड असू शकतात. रस्त्याच्या खुदाईत फायबर तुटलेली असते, राउटरचा अडॅप्टर थकलेला असतो, टेबल सरकवताना केबलची तार आतल्या आत तुटलेली असते, कुणीतरी घरून आणलेला राउटर मध्येच जोडलेला असतो, संगणकाचे घड्याळ मागे पडलेले असते. आणि कधी नेट उत्तम चालू असून विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी फक्त सरकारी पोर्टल गर्दीने अडलेले असते. तक्रार करणाऱ्याला या सगळ्यांत फरक दिसत नाही आणि तो दिसावा अशी अपेक्षाही करू नये. फरक ओळखणे हेच आपले काम आहे.

नवा मुलगा बहुधा इथेच चुकतो. तो आल्या आल्या राउटर बंद-चालू करतो, मग केबल बदलतो, मग ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतो, आणि नेट सुरू झाले तर नेमके कशाने सुरू झाले हे त्याला सांगता येत नाही. चार दिवसांनी तीच तक्रार परत येते. माझे सांगणे असे की बिघाड काय आहे हे शोधण्याआधी तो कुठे आहे हे शोधावे. पाण्याची पाळी असूनही उसाला पाणी पोहोचले नाही, तर शेतकरी मोटर खोलत बसत नाही. तो पाटाच्या कडेने चालत जातो आणि पाणी कुठवर आले आहे ते पाहतो. जिथे पाणी संपते तिथे पाट फुटलेला असतो. संगणकापासून बाहेरच्या जगापर्यंतची वाटही अशीच चालत तपासायची असते, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: गाडीला किक मारण्याआधी विचारावयाचे प्रश्न

सर्वांत मोलाचा प्रश्न एकच आहे: बंद एकाच मशीनवर आहे की सगळ्यांवर? एकाच मशीनवर असेल तर राउटर, फायबर आणि इंटरनेट पुरवणारी कंपनी यांच्याकडे सध्या पाहण्याची गरज नाही. सगळ्यांवर असेल तर त्या एका मशीनच्या ड्रायव्हरशी खेळण्यात अर्थ नाही. निम्मे शोधकाम या एका उत्तराने संपते, आणि तरीही हा प्रश्न न विचारता निघालेली माणसे मी वारंवार पाहतो.

त्यानंतर शेवटचे केव्हा चालू होते आणि मधल्या काळात काय बदलले हे विचारावे. इथे थोडी कला लागते. “काही बदल केला का?” असे विचारले तर “काही नाही” असेच उत्तर मिळते, आणि ते प्रामाणिक असते, कारण टेबल सरकवणे हा समोरच्याच्या लेखी बदल नसतो. म्हणून थेट गोष्टी विचाराव्यात: रात्री लाइट गेली होती का, रंगकाम चालू आहे का, नवा कॅमेरा किंवा प्रिंटर बसवला का, कुणी नवीन माणूस बसायला आला का. एकदा अशाच चौकशीत एका दुकानातले वयस्कर दिवाणजी म्हणाले, “बदल काय न्हाई, तेवढा फॅन त्या भोकात लावला.” ते ‘भोक’ राउटरच्या यूपीएसचे होते.

पडद्यावर जो संदेश दिसतो तो वाचून दाखवायला न सांगता त्याचा व्हॉट्सअॅपवर फोटो मागवावा. फोनवर सांगताना ‘एरर आलाय’ एवढेच सांगितले जाते. फोटोत मात्र पत्ता सापडत नाही, प्रमाणपत्र अवैध आहे किंवा जोडणीच नाही यांपैकी कोणता संदेश आहे ते दिसते, आणि या तिन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत. याच वेळी कामाची निकड विचारून घ्यावी. ई-वे बिल निघाल्याशिवाय मालाची गाडी गेटबाहेर पडत नाही, आणि गुळाचे सौदे चालू असताना अडत्याची बिले थांबून चालत नाहीत. अशा वेळी आधी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम सुरू करून द्यावे आणि मग शांतपणे कारण शोधावे.

हे प्रश्न नीट विचारण्याची सवय किती उपयोगी पडते, ते ऑगस्ट २०१९च्या महापुरात आम्हाला कळले. शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग पाण्याखाली गेला होता आणि शहरातून पलीकडे जाण्याची सोयच नव्हती. जे काही करायचे ते फोनवर, दिव्यांचे रंग विचारून आणि समोरच्याच्या हाताने. ज्या ठिकाणी केबलवर चिठ्ठ्या लावलेल्या होत्या तिथे ते जमले. जिथे नव्हत्या तिथे “निळी वायर” म्हणजे कोणती, यातच अर्धा तास गेला.

दुसरी पायरी: काही न काढता, न दाबता पाहणे

जागेवर गेल्यावर पहिली दोन मिनिटे कशालाही हात लावू नये. फायबरच्या पेटीवर, म्हणजे ओएनटीवर, दोन दिवे महत्त्वाचे असतात. ‘पॉन’ हा दिवा स्थिर हिरवा असेल तर पुरवठादाराच्या यंत्रणेशी जोडणी झालेली आहे. ‘लॉस’ हा दिवा लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. मग आपल्या हाती करण्यासारखे एवढेच उरते, की पिवळी पॅचकॉर्ड कुठे चिमटली किंवा काटकोनात वाकली आहे का ते पाहावे, आणि तसे नसेल तर पुरवठादाराला कळवावे. फायबरचे टोक काढून डोळ्यासमोर धरू नये. त्यातला लेसर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

ओएनटीच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएम या एककात दिलेली असते; उणे आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी. साधारण उणे ८ ते उणे २७ या पल्ल्यात काम चालते; आकडा उणे २७च्या आसपास असेल तर नेट कधी चालेल, कधी तुटेल. हा आकडा सुरळीत दिवशीही पाहून वहीत लिहून ठेवावा. एरवी उणे १९ येणारा आकडा आज उणे २६ आहे असे सांगितले की पुरवठादाराच्या माणसालाही वाद घालण्यासारखे काही राहत नाही.

राउटरच्या पानावर तो किती वेळ चालू आहे हेही दिसते. तक्रार पाऊण तासापूर्वी आली आणि राउटर पाऊण तासापूर्वीच चालू झालेला दिसला, तर नेट ‘गेले’ नव्हते, राउटर बंद पडून पुन्हा उठला होता. मग शोध विजेकडे वळवावा. अडॅप्टर नुसता मीटरने मोजला तर १२ व्होल्ट दाखवतो आणि राउटरचा भार पडताच खाली बसतो, त्यामुळे मोजून समाधान मानण्यापेक्षा चांगला अडॅप्टर लावून पाहणे अधिक खात्रीचे.

तिसरी पायरी: मशीनला पत्ता मिळाला आहे का

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी. आलेला पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर मशीनने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर मिळाले नाही आणि त्याने स्वतःच एक पत्ता लावून घेतला असा त्याचा अर्थ आहे. अशा वेळी केबल, स्विच आणि राउटर यांच्यामध्येच शोधावे. पत्ता कार्यालयाच्या नेहमीच्या मालिकेतला असेल तर पुढच्या पायरीकडे जावे.

तिसरी शक्यता नवख्याच्या नजरेतून सुटते: पत्ता मिळालेला असतो, पण भलत्याच मालिकेतला. राजारामपुरीतील एका कार्यालयात रोज सकाळी चार-पाच मशीनचे नेट बंद असे आणि दुपारपर्यंत त्यांतली काही आपोआप सुरू होत. कार्यालयाची मालिका १९२.१६८.१ ची होती. बंद पडलेल्या मशीनवर मात्र १९२.१६८.० चा पत्ता दिसत होता. वायफाय पोहोचत नाही म्हणून एकाने घरचा जुना राउटर आणून त्याची केबल लॅनच्या पोर्टमध्ये जोडली होती. आता पत्ते वाटणारे दोघे झाले होते, आणि ज्याचे उत्तर आधी येईल त्याचा पत्ता मशीन धरत होते. ‘एआरपी’ ही आज्ञा वजा ए लावून दिली की त्या चोरट्या राउटरचा हार्डवेअर पत्ता मिळतो; त्याच्या पहिल्या सहा अंक-अक्षरांवरून बनवणारी कंपनी ओळखता येते, आणि मग टेबलाखाली नेमके काय शोधायचे ते कळते. त्या माणसाला मी दोष दिला नाही. त्याची गरज खरी होती. राउटरमधली पत्ते वाटण्याची सोय बंद करून तोच राउटर तिथे ठेवला आणि दोघांचेही काम भागले.

चौथी पायरी: एकेक पाऊल बाहेर

आता ‘पिंग’ या आज्ञेने वाट चालायची. आधी आपल्या राउटरला, म्हणजे आयपीकॉन्फिगमध्ये गेटवे म्हणून दिसणाऱ्या पत्त्याला पिंग करावे. उत्तर आले तर घरातली वाट ठीक आहे. मग ८.८.८.८ या गूगलच्या सार्वजनिक डीएनएसला, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता सांगणाऱ्या सेवेला, करावे. तिथून उत्तर आले तर बाहेरची वाटही खुली आहे. मग एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला करावे. आकड्याला उत्तर येते आणि नावाला येत नाही, तर डीएनएसचा बिघाड आहे. ‘एनएसलुकअप’ने तो पक्का करून घ्यावा, आणि मशीनवर कुणी हाताने जुना, बंद पडलेला डीएनएस टाकून ठेवला आहे का ते पाहावे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. पिंगला उत्तर आले म्हणजे वाट आहे हे सिद्ध होते. उत्तर आले नाही म्हणजे वाट नाही हे सिद्ध होत नाही, कारण अनेक सर्व्हर आणि फायरवॉल पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. म्हणून जिथून एरवी उत्तर येते, त्याच पत्त्यावर चाचणी करावी. आणि एका पिंगवर निर्णय देऊ नये. वजा टी लावून ती पाच मिनिटे चालू ठेवावी, कारण मधूनमधून तुटणारी जोडणी चार ओळींत दिसत नाही.

केबल: सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त दुर्लक्षिलेली

माझ्या अनुभवात कारखान्यांतल्या तक्रारींचे मूळ जितक्या वेळा केबलमध्ये सापडले तितके दुसरीकडे कुठेही सापडले नाही, त्यामुळे इथे थोडे थांबतो.

एका फाउंड्रीच्या ड्रॉइंग विभागातून ‘सर्व्हर स्लो झालाय’ अशी तक्रार होती. सहाशे एमबीची कास्टिंगची फाइल उघडायला जवळजवळ मिनिट लागत होते, आणि शेजारच्या मशीनवर तीच फाइल सहा-सात सेकंदांत येत होती. मशीनच्या नेटवर्क अडॅप्टरच्या स्टेटसमध्ये लिंक स्पीड पाहिला तर १ जीबीपीएसऐवजी १०० एमबीपीएस. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. लॅनच्या केबलमध्ये तारांच्या चार जोड्या, म्हणजे आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात, १, २, ३ आणि ६ या पिनांवरच्या. गिगाबिटला मात्र आठही तारा लागतात. उरलेल्या जोड्यांतली एक तार जरी तुटली तरी जोडणी बहुधा बंद पडत नाही, तिचा वेग मात्र दहापटीने घसरतो, आणि सगळे ‘सर्व्हर’ला बोल लावत बसतात. तिथे आरजे ४५ कनेक्टर उजेडाकडे धरून पाहिला तर तपकिरी तार पुढच्या भिंतीपर्यंत पोहोचलेलीच नव्हती, दोन मिलिमीटर आधीच थांबली होती. नवा कनेक्टर लावला आणि सर्व्हर ‘सुधारला’.

कनेक्टर लावताना कोल्हापुरात सर्वत्र चालणारा रंगांचा क्रम तोंडपाठ असावा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरची चाप खाली आणि सोनेरी पट्ट्या वर धरून हा क्रम डावीकडून लावायचा. निळ्या आणि हिरव्याची अदलाबदल ही सर्वांत जास्त होणारी चूक. तारांचा पीळ गरजेपुरताच उलगडावा, बाहेरचे वेष्टन कनेक्टरच्या आत जाऊन तिथल्या खाचेत दाबले गेले पाहिजे, आणि दाबण्याआधी आठही टोके समोरून पट्ट्यांखाली दिसतात का ते पाहावे. टेस्टर लावल्याशिवाय केबल चांगली म्हणू नये.

केबल विकत घेताना तार ब्लेडने हलकेच खरवडून पाहावी. आतून पांढरी चकाकी दिसली तर ती अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल आहे. ती वाकवल्यावर लवकर तुटते आणि केबलमधूनच वीज घेणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी तर घेऊच नये. लांबी १०० मीटरच्या आत ठेवावी, आणि फर्नेसच्या जाड वीजवाहिन्यांच्या चॅनेलमधून लॅनची केबल नेऊ नये. एका कारखान्यात वजनकाट्याच्या केबिनचे नेट ठरावीक वेळी तुटत असे. त्या वेळांचा आठ दिवस तक्ता ठेवल्यावर दिसले की इंडक्शन फर्नेस पूर्ण भाराने चालू असतानाच ते तुटते. मार्ग बदलला आणि तक्रार थांबली.

दोन शेडमध्ये तर तांब्याची केबल टाकूच नये. एप्रिल-मेमध्ये वळीव कडाडला की दुसऱ्या दिवशी स्विचचे पोर्ट जळाल्याचे फोन सुरू होतात. वीज थेट पडावी लागत नाही, जवळपास कोसळली तरी लांब तारेत पुरेसा विद्युतदाब निर्माण होतो. तिथे फायबर टाकावी. ती वीज वाहत नाही.

वायफायविषयी थोडक्यात

शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल पलीकडच्या खोलीत जेमतेम पोहोचतो. तिथे जास्त ताकदीचा राउटर आणण्यापेक्षा केबल टाकून दुसरा अॅक्सेस पॉइंट लावणे योग्य. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर येत नाहीत. गुजरीसारख्या दाट वस्तीत त्यांतला कमी गर्दीचा निवडावा. टेबलावरच्या मशीनला मात्र केबलच द्यावी.

सगळे ठीक, पण ब्राउझर उघडत नाही

पिंग जाते, नाव सापडते आणि तरीही सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्राची तक्रार करतात, तेव्हा आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ मागे जाते, आणि मागच्या तारखेला आजचे प्रमाणपत्र वैध नसते. मोबाइलमधल्या ऑथेंटिकेटर अॅपचे अंकही सहसा ३० सेकंदांच्या घड्याळावर चालतात, त्यामुळे फोनची वेळ चुकली तर तेही नाकारले जातात. सेल बदलणे दोन मिनिटांचे काम आहे. मात्र बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असलेल्या मशीनला आत हात लावण्याआधी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की मालकाकडे आहे याची खात्री करून घ्यावी.

तारीख बरोबर असेल तर प्रॉक्सीची सेटिंग पाहावी. आणि काही स्थळे उघडतात, काही अर्धवट अडकतात असे असेल, तर माहिती ज्या पाकिटांतून (पॅकेटमधून) जाते त्यांच्या आकाराचा विचार करावा. पीपीपीओई, म्हणजे पुरवठादाराने दिलेल्या नाव-पासवर्डने जुळणाऱ्या, जोडणीवर पाकिटाची मर्यादा १५०० ऐवजी १४९२ बाइट असते. न तोडण्याची सूचना देऊन १४६४ बाइटची पिंग जाते आणि १४७२ची जात नाही, असे दिसले तर राउटरमध्ये एमटीयू, म्हणजे हीच मर्यादा, १४९२ ठेवावा.

ज्या गोष्टी घाईत करू नयेत

एका वेळी एकच बदल करावा, त्याचा परिणाम पाहावा, आणि परिणाम नसेल तर तो बदल मागे घेऊन मगच दुसरा करावा. राउटरच्या मागचे बारीक छिद्रातले रीसेटचे बटण हे शेवटचे हत्यार आहे. ते दाबले की पीपीपीओईचे नाव-पासवर्ड, कॅमेऱ्यांसाठी उघडलेले पोर्ट, वायफायचे नाव असे सगळे पुसले जाते. ही माहिती आधी लिहून घेतली नसेल तर साधी तक्रार दिवसभराच्या खोळंब्यात बदलते, आणि तो खोळंबा आपण ओढवून घेतलेला असतो.

अडलो तर विचारण्यात कमीपणा नाही, पण विचारताना समोरच्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागू नये. वरिष्ठांना किंवा पुरवठादाराला “नेट बंद आहे, काय करू?” असे न लिहिता असे लिहावे: “सकाळी ९:४० पासून आठही मशीनवर नेट बंद. ओएनटीवर पॉन स्थिर हिरवा, लॉस बंद, प्रकाश उणे २०. राउटरला पिंग जाते, ८.८.८.८ ला जात नाही. राउटरच्या पानावर पीपीपीओई डिस्कनेक्टेड दाखवते. रात्री लाइट गेली होती. राउटर एकदा बंद-चालू केला, फरक नाही.” अशा निरोपाला उत्तरही तसेच नेमके येते, कारण बिघाड कोणत्या दोन ठिकाणांमध्ये आहे ते त्यात आधीच सांगितलेले असते.

निघण्याआधी

आपल्या मशीनवर गूगल उघडले म्हणजे काम झाले असे समजू नये. ज्याने तक्रार केली त्याला त्याच्या खुर्चीत बसवून, त्याचेच अडलेले काम, मग ते ई-वे बिल असो, टॅलीतली नोंद असो किंवा जीएसटीचे विवरणपत्र असो, आपल्यासमोर पूर्ण करायला सांगावे. डिजिटल स्वाक्षरीचा पिन किंवा बँकेचा पासवर्ड टाकण्याची वेळ आली की मान दुसरीकडे वळवावी, आणि कुणी विश्वासाने तो सांगू लागला तरी घेऊ नये.

मग वहीत तारीख, तक्रार, सापडलेले कारण आणि केलेला बदल अशी चार ओळींची नोंद करावी, आणि ज्या केबलला आज हात लावला तिच्या दोन्ही टोकांना मशीनचे नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. चिठ्ठीवर पारदर्शक टेप लावावी, नाहीतर फाउंड्रीच्या काळ्या धुळीत महिन्याभरात अक्षर दिसेनासे होते.